महालातील कागद दुरुस्तीचे दुकान आणि ट्रंकेतील ३७ पत्रे

नागपूरच्या महाल भागात, गांधीगेटातून आत शिरल्यावर लागणाऱ्या एका अरुंद गल्लीत एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर मालकाचे नाव नाही. 'पुस्तक बांधणी व जुने कागद दुरुस्ती' एवढेच लिहिले आहे. दहा बाय बारा फुटांच्या त्या खोलीत एक लोखंडी शिकंजा, एक लांब टेबल, एक स्कॅनर आणि भिंतीला लावलेली लाकडी मांडणी आहे. साठी ओलांडलेले काका आणि त्यांचा एक मदतनीस मिळून सर्व काम करतात. गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या वडिलांची आणि आईची पत्रे तेथे दिली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती परत घेतली. नागपुरात आणि कामठीत माजी सैनिकांची पुष्कळ कुटुंबे राहतात आणि अशा अनेक घरांत माळ्यावर एखादी काळी ट्रंक असतेच, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

माझे वडील लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९७१ साली ते पूर्वेकडे होते, मी सहा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ तीन वर्षांचा. आईने त्या वर्षीची सगळी पत्रे लुगड्याच्या घडीत बांधून ट्रंकेत ठेवली होती आणि तिने लिहिलेली उत्तरेही बाबांनी परत येताना सोबत आणली होती. बाबा गेले, पुढे काही वर्षांनी आई गेली. खोली आवरताना ट्रंक उघडली, तेव्हा पत्रांची एक वीट झालेली होती. ट्रंक खिडकीखाली असे आणि त्या खिडकीला दर उन्हाळ्यात कूलर लागत असे. वर्षानुवर्षे कूलरचे पाणी ठिबकून ट्रंकेच्या बिजागरीतून आत झिरपले होते, उन्हात वाळले होते, पुन्हा झिरपले होते. नागपूरच्या हवेत कागदाला वाळवीपेक्षा कूलर अधिक घातक ठरतो, असे आता माझे मत झाले आहे.

त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगितली पाहिजे. वर सुटी असलेली दोन पत्रे मी शहरातील एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतली. गरम रुळांतून निघताना एका पत्रावरील ओलसर शाई पसरली आणि दुसऱ्याची घडी कायमची चुरगळून प्लास्टिकच्या आत बंद झाली. महालातल्या काकांनी ती दोन्ही पत्रे हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि हे प्लास्टिक काढण्याचा प्रयत्न केला, तर कागदाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येईल, म्हणून हे काम मी घेणार नाही, असे स्पष्ट सांगितले. पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर भेटला, की उरलेले काम त्याच्याकडे निर्धास्तपणे सोपवता येते.

उरलेली ३७ पत्रे त्यांनी घेतली, परंतु लगेच हात लावला नाही. प्रथम प्रत्येक शाईची परीक्षा झाली. कापसाचा बारीक बोळा पाण्यात बुडवून, टिपकागदावर निथळून, त्यांनी अक्षराच्या एका टोकाला अलगद टेकवला. बाबांची पत्रे बॉलपेनने लिहिलेली होती, तिथे बोळा पांढराच राहिला. आईची उत्तरे दौतीच्या निळ्या शाईत होती. तिथे बोळ्यावर लगेच निळी छटा उमटली. त्यामुळे बाबांच्या पत्रांना ओलावा देऊन ती सोडवायची आणि आईची पत्रे कोरडीच, हाडाच्या पातळ पट्टीने, दिवसाला एक-दोन अशा गतीने वेगळी करायची, असे ठरले. फाटलेल्या घड्यांना त्यांनी पातळ जपानी टिश्यू कागदाच्या पट्ट्या लावल्या. खळ त्यांनी स्वतः शिजवलेली होती, तीही गव्हाच्या चिकाची, म्हणजे आपण कुरडयांसाठी काढतो त्याच चिकाची. पुस्तक बांधणारे लोक कसर लागू नये म्हणून खळीत पूर्वापार मोरचूद घालतात. जुन्या पत्रांसाठी मात्र काका मोरचूद वापरत नाहीत, कारण तांब्याचा अंश कागदाला कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ करतो. सेलोटेप तर त्यांच्या दुकानात मला कुठेही दिसला नाही.

पत्रांवर काही ठिकाणी काळ्या शाईचे जाड पट्टे आहेत. ते सैन्यातील सेन्सॉरचे आहेत; जवानाने गावाचे, रस्त्याचे किंवा पलटणीचे नाव लिहिले, तर अधिकारी ते खोडत असे. त्या पट्ट्यांखालचे शब्द वाचता येतील का, असे मी विचारले. काकांनी पत्र उजेडासमोर धरले, मागील बाजू पाहिली आणि खरवडले तर खालचे अक्षरही जाईल, तेव्हा हे पट्टे पत्राचाच भाग समजून जसेच्या तसे ठेवावेत, असे सुचवले. मला ते पटले. पत्त्यावर 'द्वारा ९९ ए. पी. ओ.', म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक, एवढेच आहे आणि आई सहा महिने तेवढ्याच पत्त्यावर लिहीत राहिली. आपला नवरा नेमका कुठे आहे, हे तिला माहीत नव्हते. बाबांनी निवृत्तीनंतर कधीतरी तुटक सांगितले, त्यावरून आम्हाला कळले, की ते त्रिपुरात धर्मनगरच्या रेल्वे स्थानकावरून लष्करी सामान भरून लोंगतराई आणि आठरामुडा या डोंगररांगांच्या वळणावळणाच्या रस्त्याने तेलियामुड्याकडे लॉरी नेत असत.

डिसेंबरच्या शेवटी काकांचा फोन आला. दोन दिवसांपूर्वीच बोलणे झाले होते, त्यामुळे काही नुकसान झाले असावे, अशी मला भीती वाटली. ते म्हणाले, "ताई, एक पत्र आहे. बाकीची चिकटलेली आहेत. हे चिकटलेलं नाही, चिकटवलेलं आहे कोणीतरी. उघडायचं का, ते तुम्ही घरी विचारून सांगा."

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. ते बाबांचे आंतरदेशीय पत्र होते. त्याच्या तिन्ही कडा एकदा फाडून उघडलेल्या होत्या आणि नंतर कोणीतरी बाहेरून खळ लावून पुन्हा बंद केल्या होत्या. काकांनी सुईच्या टोकाने वाळलेल्या खळीचा मोहरीहून लहान कण काढला, काचेवर ठेवला आणि त्यावर आयोडिनचा एक थेंब सोडला. कण निळा-काळा झाला. म्हणजे हा टपाल खात्याचा डिंक नाही, घरातली पिठाची किंवा भाताची खळ आहे, असे त्यांनी समजावले. त्या घरात खळ लावणारी व्यक्ती एकच होती. भावाचे म्हणणे पडले, की आईने बंद केले ते बंदच राहावे. आम्ही आठ दिवस त्यावर बोलत होतो आणि त्या आठ दिवसांत काकांनी एकदाही विचारणा केली नाही. अखेर भाऊच म्हणाला, की आईला ते नाहीसे करायचे असते, तर तिच्याजवळ चूल होती.

उघडण्याचे काम आमच्यासमोर झाले. ओलसर टिपकागदाची बोटभर पट्टी कडेवर ठेवून, वर काच ठेवून, वीस मिनिटे थांबायचे आणि मग हाडाची पट्टी नखभर आत सरकवायची. तिन्ही कडांना मिळून पावणेदोन तास लागले. पत्र सुटताच काकांनी ते आमच्याकडे वळवले आणि मदतनिसाला घेऊन चहासाठी बाहेर गेले.

पत्र ९ नोव्हेंबर १९७१ चे आहे. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसे भारतात आली होती आणि जेमतेम साडेपंधरा लाख लोकसंख्येच्या त्रिपुरात सुमारे १४ लाख निर्वासित होते. हे आकडे मला आधीपासून ठाऊक होते. त्यांतली एक मुलगी बाबांच्या लॉरीत बसली होती, हे ठाऊक नव्हते. परतीच्या रस्त्यावर ती एकटी उभी होती, हातात पितळी तांब्या होता आणि तो ती कोणालाही धरू देत नव्हती. बाबांना बंगाली येत नव्हते. त्यांनी तिला छावणीपर्यंत आणले, पण तेथे तिचे कोणी सापडले नाही आणि उतरताना तिने त्यांच्या बाहीचे बटण घट्ट धरून ठेवले. पुढच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वेळी ती छावणीच्या फाटकाशी उभी दिसली. 'आपल्या थोरलीएवढी आहे. कोणी आलेच नाही, तर साहेबांना विचारून तिला घरी आणण्याचे मनात आहे. तुझे काय म्हणणे आहे ते लवकर कळव.'

आईचे उत्तर त्याच गठ्ठ्यात निघाले, २४ नोव्हेंबरचे. 'तिची आई जिवंत असेल, तर ती लेकीला तिथेच शोधेल, नागपुरात शोधणार नाही. आणि नसेल, तरी मला विचारू नका. दोन लेकरे घेऊन तुमच्या पत्राची वाट पाहण्यातच माझे सगळे बळ जाते.' या लिफाफ्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे आणखी एक तिकीट आहे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर ५ पैशांचा अधिभार बसवला होता. सुरुवातीला कुटुंबाचे चित्र असलेल्या साध्या तिकिटावरच शरणार्थी सहायतेचा शिक्का उमटवून काम भागवले गेले, १ डिसेंबरला स्वतंत्र तिकीट निघाले आणि ३१ मार्च १९७३ पर्यंत हा अधिभार चालू राहिला. काकांनी हे तिकीट ओळखले. संग्राहक अशी तिकिटे वाफेवर सोडवून नेतात, असे सांगून त्यांनी त्याची सैल झालेली कड लिफाफ्यालाच पक्की केली.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. बाबा पुढच्या उन्हाळ्यात घरी आले. आमच्या लहानपणी ते दर दिवाळीत इतवारीतून आम्हा दोघांचे कपडे आणत आणि सोबत एक जास्तीचा फ्रॉक आणत. तो वस्तीतल्या कोणा ना कोणा मुलीला दिला जाई. मी बारा वर्षांची झाले, चौदा वर्षांची झाले, तरी तो फ्रॉक सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचाच असे. आई तो घडी घालून पिशवीत ठेवी आणि बाबांच्या हातात देई. त्यावर दोघे काही बोलल्याचे मला आठवत नाही. आम्ही घरी परतल्यावर भावाने पहिला विषय काढला तो त्या फ्रॉकचाच.

आता दुकानाविषयी उरलेले. वेळ पाळण्यात ते कमी पडले; सहा आठवडे सांगितले होते, पाच महिने लागले. लेखी अंदाजपत्रक मिळाले नाही आणि मला ते आधीच मागायला हवे होते. दर एका पत्राला १८० रुपये पडला, स्कॅनिंगचे वेगळे ३० रुपये, म्हणजे ३७ पत्रांचे ७,७७० रुपये झाले. बंद पत्र उघडण्याचे त्यांनी जास्तीचे काही घेतले नाही. स्कॅन ६०० डीपीआयचे, स्वच्छ आणि रंगाला खरे आहेत, मात्र फायलींना तारखेप्रमाणे नावे नसल्याने त्या मला घरी एकेक उघडून लावाव्या लागल्या. पत्रे त्यांनी आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालून दिली. ज्या पेटीत ती पाकिटे दिली, ती मात्र साध्या पुठ्ठ्याची होती आणि एवढ्या काळजीने केलेल्या कामाला ती शोभत नव्हती. मी ती बदलली. मोडी लिपीतील कागद असतील, तर ते दुरुस्त करून देतात, वाचून देत नाहीत. गल्लीत चारचाकी जात नाही. रविवारी दुकान बंद असते.

पत्रे सोडवण्याचे काम त्यांच्याकडे न्यायचे असेल, तर दिवाळीनंतर न्यावे. पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात कागद इतका करकरीत होतो, की घडी उलगडतानाच तुटतो. ट्रंक आहे तशी न्यावी, घरी काहीही सुटे करू नये. मी आमची रिकामी ट्रंकही दाखवायला नेली होती. तळाच्या गंजात एक जागा वेगळी दिसली. तिथे लुगड्याच्या काठाचा ठसा होता आणि त्या ठशात कागदाचा एक तुकडा रुतलेला होता. काकांनी तो चिमट्याने उचलला, पाकिटात घातला आणि त्यावर पेन्सिलीने '३८' असा आकडा घातला. त्यावर बाबांच्या अक्षरातले अर्धे 'कळव' आहे.