नोहाचा आठवडा : एका ज्यू बालवर्गाविषयी पालकाचा अभिप्राय

न्यू जर्सीतील एका ज्यू शाळेच्या किंडरगार्टनमध्ये आमची पाच वर्षांची मुलगी यंदापासून जाऊ लागली. पुढे तक्रारीचेही लिहायचे असल्याने शाळेचे नाव देत नाही. अभिप्रायासाठी मी मुद्दाम नोहाच्या आठवड्यापर्यंत थांबलो. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा हे सगळे सण तिश्री या एकाच महिन्यात येत असल्यामुळे सुरुवातीचे दिवस दोन दिवस शाळा आणि दोन दिवस सुट्टी असेच जातात, आणि त्यावरून शाळेची परीक्षा करणे अन्यायाचे ठरले असते. तोराचे, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचे, ५४ भाग वर्षभरात वाचून सिम्हाथ तोराला संपतात आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचन सुरू होते. नोहाचा पाराशा, म्हणजे आठवड्याचा वाचनभाग, त्यातला दुसरा. जग बुडवणाऱ्या महापुरातून आपले कुटुंब आणि प्राण्यांच्या जोड्या तारवात, म्हणजे मोठ्या नौकेत, वाचवणाऱ्या नोहाची ही गोष्ट. सणांची गर्दी ओसरते ती याच सुमारास. पालकांना वर्गात मदतीला बसू देतात, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी स्वतः तेथे होतो.

भिंतीवरच्या वारांच्या तक्त्यापासूनच या वर्गाची रीत कळते. हिब्रूत वारांना ग्रहांची नावे नाहीत. रविवार हा पहिला दिवस, सोमवार दुसरा, असे मोजत जायचे, आणि स्वतःचे नाव आहे ते फक्त सातव्याला, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला. आम्ही बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात आमच्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत, हे लहानपणापासून ऐकलेले होते. पण अख्खा आठवडा शनिवारच्या दिशेने चालत जातो, हे त्या तक्त्यासमोर उभे राहिल्यावर नीट उमगले. सोमवारी मुलांनी सरलेल्या शब्बाथला निरोप देणारा हावदालाचा विधी वर्गात करून पाहिला. पिळाची मेणबत्ती मोरांनीच, म्हणजे शिक्षिकेनेच, धरली होती. लवंग-दालचिनीची डबी मात्र हातोहात फिरली, आणि संध्याकाळपर्यंत मुलीच्या बोटांना लवंगेचा वास येत होता.

आठवड्याचे अक्षर होते बेत, हिब्रूच्या २२ अक्षरांपैकी दुसरे. पोटात ठिपका असला तर उच्चार ब, नसला तर व. हिब्रू अक्षरांना संख्येची किंमतही असते आणि बेतची किंमत २. तेव्हा तारवात शिरणारे प्राणी दोन-दोनच्या रांगेत लावणे हा अक्षराचाही धडा झाला आणि गणिताचाही. मंगळवारी ही रांग लागत असताना एका मुलाने हरकत घेतली की गाई दोनच कशा, शुद्ध प्राणी तर सात-सात होते. मूळ ग्रंथात दोन्ही उल्लेख आहेत. मोरांनी त्याला गप्प केले नाही. कोणते प्राणी शुद्ध, म्हणजे कोणाचे खूर दुभंगलेले असतात आणि कोण रवंथ करते, हे चित्रे समोर ठेवून तपासायला लावले. उंटाजवळ येऊन सगळे अडकले, कारण तो रवंथ करतो पण शुद्धांत मोडत नाही. तीन-चार मिनिटे त्या उंटावर जी चर्चा रंगली, तिच्यासाठी मी या शाळेला एक गुण जास्तच देईन.

त्यानंतरचा मोजमापाचा तास तर मी कधी विसरणार नाही. तारवाची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. प्रत्येक मुलाला एकेक सुतळी देऊन स्वतःचे दहा हात मोजायला सांगितले, आणि सगळ्या सुतळ्या शेजारी-शेजारी मांडल्यावर एकीचीही लांबी दुसरीशी जुळेना. मग कोणाचा हात खरा मानायचा? आमच्या मुलीने नोहाला बोलवा असे सुचवले. शेवटी मोरांच्या हाताची सुतळी प्रमाण ठरली. अंगणात खडूने ५० हात आखून झाले, ३०० हात मात्र कुंपणाबाहेर जाणार हे दिसताच मुलांनी जो जल्लोष केला त्याला तोड नाही. प्रमाणित एकक का लागते हे पाच वर्षांच्या मुलाला याहून चांगले शिकवता येईल, असे मला वाटत नाही.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घेतला गेला. 'बाकीची माणसे कुठे गेली?' असे एका मुलीने विचारले, तेव्हा उत्तराऐवजी कबुतर, जैतुनाचे पान आणि इंद्रधनुष्य पुढे आले. पाण्याच्या पेल्यातून उन्हाचे रंग कागदावर पाडण्याचा प्रयोग सुरेख होता, इंद्रधनुष्याची बेराखाही, म्हणजे ते पाहताच म्हणायची प्रार्थनाही, सर्वांनी म्हटली. पण तो प्रश्न त्याच रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

डब्याचे नियम प्रवेशाआधीच वाचून घ्यावेत. वर्गात मांसाहारी डबा चालत नाही, फक्त दुधाचे किंवा पार्वे, म्हणजे दोन्हींत न मोडणारे. शिवाय ॲलर्जीमुळे शेंगदाणे आणि सुकामेवा वर्ज्य. मी पोह्यांत सवयीने दाणे घातले आणि डबा तसाच परत आला. चूक माझीच. शाळेने तिला उपाशी ठेवले नाही, सफरचंद आणि चीज दिले, आणि चिठ्ठीची भाषाही सौजन्याची होती.

आठवडाभराची तयारी शुक्रवारी फळाला येते. त्या दिवशीच्या गोड पावाला इकडे 'हाला' म्हणतात. मुलीने फोनवर आजीला 'आज शाळेत हाला आहे' असे सांगताच आजीने ऐकला 'हल्ला', आणि तिची समजूत काढण्यात बराच वेळ गेला. तीन पेडांची वेणी घालताना निम्म्या मुलांच्या हातात गोळाच उरला, तरी मोरांनी एकही वेणी दुरुस्त केली नाही. जी जशी होती तशीच भट्टीत गेली. टेबलावर दोन पाव, रानातल्या भटकंतीत पूर्वजांना आकाशातून मिळणारे अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळत असे त्याची आठवण म्हणून. आणि त्यांवर कापड, कारण द्राक्षरसाची बेराखा आधी होते आणि आपला मान मागे राहिला म्हणून पावाला ओशाळे वाटू नये. मुलांनी ते कापड किती अलगद पसरले म्हणून सांगू! त्याआधी त्झेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डबीत प्रत्येकाने घरून आणलेले नाणे टाकले. या शब्दाचे मूळ न्यायात आहे, दयेत नव्हे, हेही मोरांनी दोन वाक्यांत सांगितले.

खरी तक्रार इंग्रजी वाचनाची आहे. सकाळचे सत्र हिब्रूचे, दुपारचे इंग्रजीचे अशी वाटणी कागदावर आहे. प्रत्यक्षात बुधवारी आणि गुरुवारी रंगकामाने दुपारही खाल्ली आणि वाचनाच्या पुस्तिका न उघडता घरी आल्या. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहायची असल्याने मुलगी इंग्रजी 'बी' आणि 'डी' उलटसुलट काढू लागली आहे, शनिवारी तर तिने देवनागरीतले आपले नावही उजवीकडून लिहिले. या वयात हे होतेच, याची कल्पना आहे. पण शुक्रवारच्या पत्रकात हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे भरपूर आणि आपले मूल कोठे अडते आहे याचा एक शब्दही नाही. मी विचारल्यावर मोरांनी तत्परतेने वहीतल्या नोंदी दाखवल्या. म्हणजे नोंदी होत्याच, त्या पालकांपर्यंत पाठवण्याची पद्धत नव्हती.

शुल्क सरकारी शाळेच्या मानाने अर्थातच जड आहे, तिथे किंडरगार्टनला काहीच पडत नाही. शिवाय हिवाळ्यासाठी घड्याळे तासभर मागे गेली की शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते, कारण शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो, त्यामुळे दोघेही नोकरी करणाऱ्यांनी त्या दिवसाची सोय आधी पाहावी. धाकट्याचा अर्ज आम्ही भरला आहे, आणि पत्रकासोबत प्रत्येक मुलाच्या दोन ओळी पाठवाव्यात अशी लेखी विनंतीही त्याच पाकिटातून दिली आहे.