आठ महिने पैसे भरले, यमन मात्र कुलपात

सोमवारी सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडली. दिघा गाव मागं पडलं आणि गाण्यांच्या अ‍ॅपवर लावलेला यमन राग बंद. पैसे भरल्याशिवाय डाउनलोड उघडणार नाहीत म्हणे. डेबिट कार्डाची मुदत संपलेली, ऑटोपे फसला. चूक माझी, कबूल. पण माझ्याच फोनमध्ये दोन जीबी जागा अडवून बसलेल्या २१४ गाण्यांनी मलाच कुलूप दाखवावं? तुर्भे येईपर्यंत डब्यातली भांडणं ऐकली.

अ‍ॅप कोणतं ते सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. जाहिराती नाहीत, आवाज स्वच्छ, हे तुम्हाला माहीतच आहे. माझं दुखणं वेगळं. ख्याल म्हणजे रागाची सलग मांडणी, आधी संथ, मग जलद. त्याचे इथे तुकडे असतात, विलंबित म्हणजे संथ भाग एक ट्रॅक, द्रुत म्हणजे जलद भाग दुसरा. आणि विलंबित एकतालाची शेवटची सम, म्हणजे आवर्तन जिथे येऊन टेकतं ती मात्रा, यायच्या आत वरून द्रुत तीनताल सुरू! सहा सेकंद दोन तबले एकमेकांच्या उरावर. पाच महिने सोसलं. कस्टमर केअरला चार मेल केले, चारही वेळा उत्तर एकच: अ‍ॅप काढून पुन्हा टाका.

(नंतरची भर: भाचीनं सेटिंगमधलं क्रॉसफेड दाखवलं, म्हणजे एक गाणं संपायच्या आत पुढचं सुरू करणारी सोय. सहा सेकंदांवर होतं, शून्यावर आणलं, तबले शांत. निम्मा राग मागे घेते. निम्माच, कारण हे त्या चार उत्तरांपैकी एकातही नव्हतं.)

तशी गाण्याची काटछाट जुनीच. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची, तेवढ्यात गवई राग उभा करायचे. एलपी ही लांब चालणारी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, ख्यालानं जरा हातपाय पसरले. आता माप पुन्हा बारीक झालंय. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात. बहुधा म्हणूनच हल्लीची गाणी मुखडा हातात घेऊनच दारात उभी असतात. विलंबित गाणाऱ्याचा तेवढ्यात नुसता सा लागतो, आणि पुढे पंचवीस मिनिटं गायला तरी प्ले एकच. शिवाय २०२४ पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले नसलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच नाही. उद्या आमच्या नौपाड्यातल्या एखाद्या भजनी मंडळानं अभंग टाकला, तर हजार कान आणायचे कुठून?

आता हिशेब. महिना ९९, आठ महिन्यांचे ७९२. एवढ्यात २०१२ साली स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याकडून पंधरा वेळा मेमरी कार्ड गाण्यांनी भरून झालं असतं, चार जीबीचे पन्नास रुपये घ्यायचा. चोरीचा माल, गाणाऱ्याला छदाम नाही, हे आता कळतं. तेव्हा कळत असतं तरी भरलंच असतं, खोटं कशाला बोलू.

तर तेव्हाचं ते मेमरी कार्ड परवा ड्रॉवरमध्ये सापडलं. जुना नोकिया चार्जिंगला लावून त्यात घातलं. ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, गायकाचं नावसुद्धा नाही. यमन लागला. विलंबित, मग द्रुत.

अ‍ॅपमध्ये नव्या डेबिट कार्डाचा नंबर भरलाय. ९९ रुपये आज सकाळी कटले.