पीआरपी इंजेक्शन: माझ्या कोपराला घेतलं, सासूबाईंच्या गुडघ्याला नको म्हटलं

पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट एकवटून दुखऱ्या जागी टोचणं. आधी रेटिंग देऊन टाकते. कोपराला ५ पैकी साडेतीन, आणि गुडघ्यासाठी हल्ली ज्या पद्धतीने विकतात त्याला दीड. आता का ते लिहिते, जरा लांबेल.

मला टेनिस एल्बो. रॅकेट जन्मात हातात धरलेली नाही, पण कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला मनगट मागे उचलणारे स्नायू जिथे चिकटतात तिथला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, खराब झाला होता. कुकर उचलला की कळ, पक्कडीत पातेलं धरून चहा गाळायचा म्हटलं की कळ, ओली चादर पिळणं तर विसराच. वर्ष होत आलं होतं. पट्टा झाला, शेक झाला, गोळ्या झाल्या, एका ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शनही झालं. त्या स्टिरॉइडने पहिले काही आठवडे इतकं बरं वाटलं की मी दिवाळीची सगळी भांडी काढून घासली आणि मग दुखणं परत आलं ते दामदुपटीने. नंतर वाचलं तर हे नेहमीचंच निघालं, ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आहे २०१३ चा, त्यात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात उलटलं आणि ज्यांना नुसतं खोटं, औषध नसलेलं इंजेक्शन दिलं त्यांच्यात फक्त १२ टक्क्यांचं. हे कोणी आधी सांगत नाही.

मग नाशिकमध्येच गंगापूर रोडला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, नाव लिहीत नाही कारण ही त्यांची जाहिरात नाही. त्यांनी सोनोग्राफी केली, स्क्रीनवर टेंडनचा जाड झालेला काळपट भाग दाखवला आणि सरळ म्हणाले, "ताई, बऱ्याच जणांचं हे वर्ष-दीड वर्षात आपोआप बरं होतं, पीआरपी करू शकतो पण गॅरंटी देणार नाही, आणि व्यायाम केला नाहीत तर इंजेक्शनचे पैसे वाया." गॅरंटी नाही म्हणणारा डॉक्टर भेटला म्हणूनच खरं तर मी तयार झाले.

काय करतात ते सांगते. आपल्याच हातातून रक्त काढतात, रक्त तपासणीला देतो त्याच्या काही पटीने जास्त, गोठू नये म्हणून त्या ट्यूबमध्ये आधीच औषध असतं. मग ती ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे वॉशिंग मशीनच्या ड्रायरसारखं गरगर फिरणारं यंत्र. बाहेर आली तेव्हा सिस्टरने मला दाखवली, खाली गडद लाल, वर गोमूत्राच्या रंगाचं पाणी, आणि दोघांच्या मध्ये पांढरट साय आल्यासारखी एक बारीक रेघ. प्लेटलेट त्या रेघेच्या आसपास गोळा होतात. साध्या रक्तात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, इथे त्या काही पटीने जास्त मिळाव्यात हा सगळा खटाटोप, कारण त्यांच्या पोटात जखम भरायला लागणारे ग्रोथ फॅक्टर असतात. तेवढा भाग सिरिंजमध्ये ओढून सोनोग्राफीत बघत बघत टेंडनमध्ये सोडतात.

दुखतं का? दुखतं. कातडी बधिर केली होती पण टेंडनच्या आत सुई चार-पाच ठिकाणी टोचतात तेव्हा डोळ्यात पाणी येतं, आणि खरा त्रास त्या रात्री. कोपर गरम, ठणका, ब्लाउजच्या बाहीत हात जाईना. आणि इथेच लोक फसतात, कारण ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यातलं काही घ्यायचं नाही, आधी काही दिवस नाही आणि नंतर काही आठवडे नाही. त्या गोळ्या सूज मारतात आणि इथे ती सूज मुद्दाम आणलेली असते. पॅरासिटामॉलवर रात्र काढायची. रक्त पातळ करायची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

पहिला महिना शून्य फरक. नवरा रोज विचारायचा "काय, आलं का नवीन कोपर?" आणि मला राग यायचा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी कुकर उचलताना कळ आली नाही हे मला कुकर ओट्यावर ठेवल्यावर लक्षात आलं. सोबत फिजिओचा व्यायाम रोज, हातात एक किलोचा डंबेल, मनगट हळूहळू खाली सोडायचं. आता नव्वद टक्के बरं आहे.

आता हे पीआरपीने झालं का? प्रामाणिकपणे, छातीठोक नाही सांगता येत. व्यायामही होता आणि वेळही गेला होता. हॉलंडचा २०१० चा १०० लोकांचा अभ्यास सगळे क्लिनिकवाले दाखवतात, त्यात वर्षभराने पीआरपीवाले ७३ टक्के बरे आणि स्टिरॉइडवाले साधारण निम्मे. ऐकायला भारी वाटतं, पण जे स्टिरॉइड वर्षभराने उलटंच पडतं त्याच्यापेक्षा सरस ठरणं म्हणजे फार काही नाही ना? २०२१ मध्ये कॉक्रेन नावाच्या, उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने टेनिस एल्बोचे ३२ अभ्यास एकत्र तपासले आणि खोट्या इंजेक्शनपेक्षा पीआरपीने जाणवण्याइतका फायदा बहुधा होत नाही असं लिहिलं. टाचेच्या मागच्या टेंडनचंही तेच, त्याच वर्षी इंग्लंडच्या २४० लोकांच्या अभ्यासात काही फरक निघाला नाही. तरी साडेतीन का दिले, तर माझं दुखणं गेलंय, साइड इफेक्ट काही नाही, आणि स्टिरॉइड परत घेण्यापेक्षा मला हे कधीही मान्य.

गुडघ्याची गोष्ट वेगळी आणि तिथे माझं डोकं फिरलं.

सासूबाई पंच्याहत्तरीच्या, दोन्ही गुडघे गेलेले, पाय धनुष्यासारखे वाकलेत. कोणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, "ऑपरेशनशिवाय गुडघा नवा", म्हणून त्यांना एका मोठ्या चकचकीत क्लिनिकमध्ये नेलं (हे वेगळं, माझ्या डॉक्टरांचं नाही). तिथे डॉक्टर भेटायच्या आधी ब्लेझर घातलेली काउन्सेलर भेटली. एक्स-रे पाकिटातून बाहेर काढलासुद्धा नाही आणि पॅकेज समोर, दोन्ही गुडघ्यांना तीन-तीन सिटिंग, सत्तर हजारांच्या वर, आज बुक केलं तर डिस्काउंट, ईएमआय पण आहे. "आजी, तुमचंच रक्त आहे, साइड इफेक्ट झिरो, कार्टिलेज परत वाढतं." सासूबाई म्हणाल्या, "अगं पण माझं रक्त मला विकत का देतेस?" मला हसू आवरेना.

कार्टिलेज, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, परत वाढतं हे जे सांगतात ना, त्याचा पुरावा मागा. ऑस्ट्रेलियातल्या २८८ लोकांच्या अभ्यासात अर्ध्यांना पीआरपी आणि अर्ध्यांना मिठाचं पाणी टोचलं, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आणि वर्षभराने दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नाही, एमआरआयमध्ये कार्टिलेजमध्येही नाही. आणि ते लोक सुरुवातीच्या, मधल्या स्टेजचे होते, आमच्या आजींसारखे हाडाला हाड लागलेले नव्हते. दुसरी बाजूही सांगते, आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेने २०१३ मध्ये ७८ लोकांवर केलेल्या अभ्यासात पीआरपी सलाइनपेक्षा सरस ठरलं होतं, पण सहा महिन्यांपर्यंत गुण उतरायला लागला होता. म्हणजे गुडघ्याची झीज नुकती सुरू झालीय, वजन आणि व्यायाम दोन्ही करून झालंय, ऑपरेशनची वेळ आलेली नाही, अशा माणसाने सहा महिन्यांच्या आरामासाठी पैसे घालवायचे ठरवले तर मी अडवणार नाही. पण चौथ्या, म्हणजे झिजेच्या शेवटच्या स्टेजला हे विकणं मला पटत नाही. माझ्या डॉक्टरांना तो एक्स-रे दाखवला, त्यांनी उजेडासमोर धरला आणि म्हणाले, यांच्यात इंजेक्शन सोडायला जागा कुठे आहे? सासूबाईंचं आता गुडघा बदलायचं ठरतंय.

आणखी एक गडबड म्हणजे पीआरपी या नावाखाली प्रत्येक जण वेगळंच काहीतरी देतो. कोणाची सीलबंद किट, कोणाच्या साध्या लॅबच्या ट्यूब, कोणी एकदा फिरवतो कोणी दोनदा, पांढऱ्या पेशी कोणी ठेवतो कोणी काढतो. अमेरिकेतल्या सांधेवातवाल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याला हे देऊ नका म्हणून जे लिहिलं त्याचं एक कारण हेच. त्यामुळे जाल तिथे विचारा की किट कुठलं, माझा प्लेटलेट काउंट आधी बघणार का, आणि सुई सोनोग्राफीत बघून घालणार की अंदाजे. अंदाजे म्हणाले तर उठून या.

खर्च माझा एका सिटिंगचा नऊ हजार, सोनोग्राफीसकट, मेडिक्लेमवाल्यांनी ओपीडी म्हणून हात वर केले. फिजिओचे वेगळे. रक्त काढण्यापासून सुटेपर्यंत तासाभराचं काम, उपाशी जायची गरज नाही, उलट पोटभर पाणी पिऊन जा, नाहीतर शीर सापडत नाही. ज्या हाताला टोचणार त्या हाताने गाडी चालवता येत नाही, आणि माझ्या डॉक्टरांकडे पार्किंगही नाही, तेव्हा रिक्षाच करा.