गॅस गिझर पेटंना झालाय: दुरुस्त करायचा, नवा घ्यायचा, की इलेक्ट्रिक बसवायचा?

जानेवारीत एकाच आठवड्यात आमच्या घरचे दोन गिझर बंद पडले. एक माझा, कोल्हापुरात राजारामपुरीत, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. दुसरा अक्काचा, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात. तिचा फोन सकाळी सहालाच आला, “गिझर पेटंना झालाय रे, पोरांच्या आंघोळी राहिल्यात.” माझा गिझर जवळजवळ फुकटात चालू झाला. अक्काचाही झाला असता, पण तो आम्ही काढून टाकला. असं उलटसुलट का केलं ते सांगतो, कारण थंडीत हाच पेच बऱ्याच घरांत पडतो आणि दुकानात गेलं की सगळे नवाच दाखवतात.

आधी कान द्या. नळ सोडल्यावर गिझरमधून टिकटिक येते का? बिघाड कुठं आहे ते निम्मं इथंच कळतं.

टिकटिक येतच नसेल तर गॅसचा संबंध नाही. तिथं बहुतेक वेळा सेल, पाणी किंवा आतला छोटा स्विच, यांतलंच काहीतरी असतं, क्वचित ठिणगी पाडणारा बोर्ड. खालच्या डबीत दोन मोठे सेल असतात, दोन्ही मिळून ३ व्होल्ट. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा घालू नका. चार्ज करायचे सेल नकोत, ते मुळात १.२ व्होल्टचे. डबीतल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर पॉलिश पेपरनं घासा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर न्हाणीघर वाळतच नाही, पत्रा गंजायला तेवढं पुरतं.

माझे सेल नवे होते, तरी टिकटिक नव्हती. मेकॅनिक आला, झाकण न उघडताच म्हणाला, “बोर्ड गेलाय, नवाच घ्या.” तो गेल्यावर मी पाण्याचा कॉक बंद करून गिझरला येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपचा नट सोडला. आत नखाएवढी जाळी असते. ती तांबूस गाळानं इतकी भरली होती की उजेडाला धरली तर एक भोक दिसेना. दातांच्या ब्रशनं घासली, परत बसवली, पहिल्या झटक्यात पेटला. या गिझरमध्ये पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्याला ढकलतो, पडदा पिन ढकलतो, मग स्विच दाबला जातो आणि ठिणगी पडते. पाणी कमी आलं की पडदा हलतच नाही. पडदा फाटला असला तरी हेच होतं, पण तो बदलणं स्वस्तातलं काम आहे.

वरच्या मजल्यावरच्यांनी एक गोष्ट नीट बघावी. टाकीतलं पाणी गिझरच्या वर जेमतेम दोन-अडीच मीटर असेल तर बऱ्याच गिझरना दाब काठावरच पडतो. बादलीच्या नळाला पेटतो आणि शॉवरला पेटत नाही, तर समजा दाबाचंच दुखणं आहे. अशा ठिकाणी नवा गॅस गिझर घेतला तरी तो तसाच रुसणार. पैसे टाकी उचलण्यावर किंवा छोट्या पंपावर घाला, नाहीतर सरळ इलेक्ट्रिक घ्या, त्याला पेटायला दाब लागत नाही.

टिकटिक येते पण ज्योत नाही, तर गॅसकडं बघा. कॉक उघडा आहे का, रेग्युलेटर नीट बसलाय का, शेगडीची ज्योत मोठी येते का? सिलिंडर संपत आला की शेगडी रडतखडत चालते, गिझर मात्र आधी मान टाकतो. कारण मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर चालू असताना तासाला साधारण किलोभर गॅस ओढतो. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ बंद-चालू करावा लागतो. पण वास आला तर तिथंच थांबा. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाला साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

तिसरा प्रकार, पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. अक्काचं हेच होतं. बहुतेक वेळा ज्योत ओळखणाऱ्या काडीवर काजळी बसलेली असते, पुसली की काम होतं. वीसेक मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नव्हे, बऱ्याच गिझरना तसा टायमरच असतो. पण काही गिझर हवेतला प्राणवायू कमी झाला की स्वतःहून विझतात, म्हणून मी काडी पुसण्याआधी न्हाणीघर बघितलं.

सहा बाय चारची खोली. खिडकी नाही, वर विटेएवढा झरोका, आणि थंडी लागते म्हणून त्यात पुठ्ठा कोंबलेला. गिझर आत, दारामागं. ज्योत निळी असायला हवी, ती पिवळी. भाचीचं डोकं दोनदा आंघोळीत जड झालं होतं, अक्कानं पित्त म्हणून सोडून दिलं होतं. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, या विषाला तसली काही खूण नाही. माणूस कडी लावून आत असतो आणि बाहेरच्याला पत्ता लागत नाही. अशा जागी गिझर शंभर रुपयांत दुरुस्त होत असला तरी करू नये. आमच्या आजीचा तांब्याचा बंबसुद्धा परसात, उघड्यावरच पेटायचा.

म्हणून पैशांच्या आधी जागा बघा. गिझर बाहेरच्या गॅलरीत किंवा हवेशीर डक्टमध्ये बसत असेल तरच गॅसचा विचार करायचा.

आता खर्च. एक २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला गॅस साधारण ४५ ते ५० ग्रॅम लागतो, विजेनं अर्धं युनिट. चार माणसांच्या रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला सहा किलोच्या आसपास गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा चाळीस टक्के भाग, किंवा ६० युनिटं. तुमच्या सिलिंडरच्या भावानं गुणून बघा. विजेचा हिशोब करताना आधीचं बिल समोर ठेवा, महावितरणचा दर १०० युनिटांच्या वर चढतो. महिन्याला ८० युनिटं जाळणाऱ्या घराला वरच्या ६० पैकी ४० युनिटं महाग पडतात.

सोयीत गॅस सरस. लाइट गेली तरी चालतो, पाणी लगेच आणि लागेल तितकं. पंधरा लिटरच्या इलेक्ट्रिकमध्ये थंड पाणी मिसळून एक-दीड बादली निघते, मग पुढच्या माणसानं वीस मिनिटं थांबायचं. चौघांच्या घरी २५ लिटरचा घ्यावा. सोलर बंगल्याला उत्तम, पण आपल्या पावसाळ्यात त्याला विजेचा आधार लागतोच.

दुरुस्ती कुठवर करायची? जाळी, सेल, पडदा, काडी, स्विच, इथपर्यंत बिनधास्त करा. तांब्याची कॉइल गळायला लागली, बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरले किंवा गॅसचा व्हॉल्व्ह गेला, तर सात-आठ वर्षांच्या गिझरवर पैसे घालू नका.

अक्काकडं इलेक्ट्रिक बसवायलाही एक दिवस मोडला. जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. ते करून घेतलं, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच, टाकला. भिंत पांढऱ्या मातीची. पंधरा लिटरचा भरलेला गिझर पंचवीस किलोच्या घरात जातो, म्हणून आरपार बोल्ट घातले. जुना गिझर काढताना मिस्त्री नळीचं तोंड नुसतं दाबून बांधणार होता. मी तसं करू दिलं नाही. शेगडीच्या नळीतून गिझरला फाटा देणारा टी-जोड काढायला लावला, रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत एकच अखंड आयएसआयची नळी घातली आणि साबणाचा फेस लावून दोन्ही टोकं तपासून घेतली.