इरकल जॅकेट, आठ महिन्यांनंतर: उसवलं काय आणि टिकलं काय

मागच्या रविवारी बारशाला गेले होते. बाळाला पाळण्यात ठेवायला वाकले आणि पाठीवर चर्र झालं. थोरल्या जाऊबाई मागंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, पाठ उघडी पडली की तुझी." चाचपून बघितलं तर चांगली चार बोटं आत गेली. उरलेलं बारसं भिंतीला पाठ टेकून काढलं.

जॅकेट कसलं ते सांगायला नको, सध्या निम्म्या कोल्हापूरच्या अंगावर तेच आहे. इरकल साडीतनं बेतलेलं, लांब, बिनबाह्यांचं, निळं अंग, पुढच्या दोन्ही पट्ट्यांना गोमी नक्षीचे काठ, पाठीवर लाल पदर आडवा (उसवलं ते पदर आणि निळ्या अंगाच्या जोडातच) आणि कॉलरवर कसुतीचं भरतकाम. मी ऑनलाइन घेतलं, ४,६५० रुपयांना. बँकेत कॅशला बसणारी बाई आहे मी, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. फाटेपर्यंत ३१ वेळा घातलं, म्हणजे एका वेळेला १५० रुपये. एवढ्यात तर दोन माणसांची मिसळ झाली असती.

दुकानदाराला फोटो पाठवला. चार तासांनी उत्तर: "मॅडम, हॅण्डलूम आहे, असं होतंच. तीच त्याची ब्युटी."

हे वाक्य माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. रंग गेला की हॅण्डलूम आहे. एक पट्टी लांब, एक आखूड, तरी हॅण्डलूम आहे. खिशात मोबाइल मावत नाही म्हणून फेब्रुवारीत विचारलं होतं, तेव्हाही हेच. अहो, खिसा काय मागावर विणलाय?

आमच्या सासूबाईंचं माहेर संकेश्वरचं. त्यांनी पस्तीस वर्षं नऊवारी इरकल नेसून म्हशी धुतल्या, ऊस खुरपला, पंचगंगेवर धुणं आपटलं. अंग विरलं, काठ झिजले, पण पदराचा जोड सुटलेला त्यांना आठवत नाही. मग माझंच 'असं होतंच' कसं? माझा निष्कर्ष तयार होता: हे हातमागाचं नाहीच, यंत्रमागाचा माल आहे. रागाच्या भरात एक तारा देऊन तसं लिहूनही टाकलं. वर न्यायबुद्धी दाखवायला पुस्ती जोडली की कसुती तेवढी सुरेख आहे.

तो अभिप्राय मी आता मागं घेतेय. चुकीचा होता, आणि चुकीचाही उलटा.

झालं असं, की पुरावा हवा म्हणून जॅकेट घेऊन इचलकरंजीला नणंदेकडे गेले. भावजींचे आठ यंत्रमाग आहेत. त्यांना म्हटलं, "हे तुमच्याकडचं आहे का बघा." त्यांनी चष्मा वर सरकवला, भिंग घेतलं आणि फाटलेल्या जागेच्या शेजारी, जिथं जोड शाबूत होता, तिथं बराच वेळ बघत बसले. मग मला बोलावलं. जोडाच्या वर उभे धागे सगळे लाल, खाली सगळे निळे. एकही निळा धागा हद्द ओलांडून पदरात गेलेला नाही. "सलग बीम असतं, म्हणजे उभ्या धाग्यांचा एकच रूळ, तर निळा ताणा पदरातनं पुढं गेला असता," ते म्हणाले. "वरनं आडवा कितीबी लाल बाणा मारा, पदर जांभळटच दिसणार. हा लालभडक आहे, कारण ताणाच बदललाय." लाल ताण्याचे फासे आणि निळ्या ताण्याचे फासे एकमेकांत अडकवलेले होते. भिंगाखाली त्यांची ओळ दिसत होती, एकीत एक अडकवलेल्या बोटांसारखी. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या, म्हणजे आपल्या इरकलच्या, साडीची हीच खूण, तिकडं तिला टोपे तेणी म्हणतात. भावजी भिंग ठेवता ठेवता म्हणाले, "हे माझ्या मागावर होत नाही वहिनी. ह्याला माणूसच बसायला लागतंय."

इचलकरंजीच्या माणसानं हातमागाला दिलेला हा दाखला, म्हणून मी तो जास्त मानते.

जाता जाता त्यांनी पदराचा एक सुटा धागा काडीनं पेटवला. केस जळल्यासारखा वास आला असता तर रेशीम. वास आला कागदाचा. म्हणजे आर्ट सिल्क, कृत्रिम रेशीम. लेबलवर 'प्युअर सिल्क पल्लू' छापलंय. हे एक खोटं.

दुसरं खोटं सासूबाईंनी धरलं. घरी आल्यावर त्यांनी जॅकेट मांडीवर घेतलं, आधी पदर वाचला. हो, त्या पदर वाचतातच. ते दोन पांढरे पट्टे आणि तीन लाल, त्यांच्या कडेनं जी नक्षी असते ना, ती मी इतके दिवस नुसते 'त्रिकोण' म्हणत होते. "ही फणी. हे जोंधळ्याचं कणीस. ही कोटाची तटबंदी." फणी, कणीस, तट. बाईच्या पाठीवर घर, शेत आणि गाव. मग शिलाईशी बोट थांबलं. "आणि ही कणसं निम्म्यात कापली कुणी?" बगलेच्या गोलाईत कणसं खरंच अर्धी गेली होती.

मग कॉलर उलटी केली आणि हसायलाच लागल्या. कसुतीला गाठ नसते. गवंती टाक्यात सुई ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं परत येते, त्यामुळं उलटी-सुलटी बाजू सारखीच दिसते. माझ्या कॉलरच्या आत पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याचं जाळं होतं आणि त्याला कागदी अस्तराचे तुकडे चिकटलेले. वरनं तुळशीवृंदावन आणि आतनं कॉम्प्युटरची एम्ब्रॉयडरी. म्हणजे माझा अभिप्राय वाचलात तर लक्षात येईल: जे खरं हाताचं होतं त्याला मी बनावट म्हटलं आणि जे बनावट होतं त्याची तारीफ केली. आम्हा गिऱ्हाइकांची नजर ही अशी. खणाचे मास्क, खणाच्या पर्स, खणाचे फाइल कव्हर, सगळं घेऊन झालं, पण गुळेदगुड्डचा खण कुठला आणि पॉलिस्टरचा कुठला हे मी तरी आजवर उलटून बघितलेलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली तेव्हा आमच्या बँकेत दोन दिवस काम झालं नव्हतं, इतके आम्ही पेटलेलो. पण तेव्हाही मी अशीच गिऱ्हाईक होते, उलटून न बघणारी.

मग फाटलं कसं? हे राजारामपुरीतल्या आमच्या टेलरमामांनी सांगितलं, तेही जॅकेट हातात न घेता, नुसतं हँगरवर बघून. साडीत हा जोड खांद्याच्या आसपास मोकळा पडतो. त्याच्यावर ओढ नसते, पदर आपला लोंबतो. इथं तोच जोड पाठीच्या बरोबर मधोमध, तोही बेतून घट्ट. स्कूटीच्या हँडलला हात लावला की ताण तिथं, वाकलं की ताण तिथं. आणि आत अस्तर नाही. दोन्ही बगलांना कात्रीनं कापलेली जोडाची टोकं नुसती शिलाईत दाबलेली, एक सुटलं की फासे मोकळे व्हायला सुरुवात. "विणणाऱ्यानं चूक केली नाही ताई, बेतणाऱ्यानं केली," मामा म्हणाले. "पदर चार बोटं वर घेतला असता तर जोड योकमध्ये, खांद्याच्या पट्टीत, झाकला गेला असता. पण मग फोटोत लाल-निळं दिसलं नसतं."

मला राग येतो तो इथं. दुकानदार 'हॅण्डलूम आहे, असं होतंच' म्हणतो तेव्हा स्वतःच्या कात्रीची चूक तो तिकडं बसलेल्या विणकराच्या गळ्यात घालतो. आणि ऐकणारी मनात खूणगाठ बांधते की हातमाग म्हणजे नाजूक. मी बांधलीच होती की.

तरी कापड झकास आहे, हेही सांगते. मे महिन्यात दुपारी दीडला भाऊसिंगजी रोडवर घालून हिंडले, घामानं चिकटलं नाही. आठ महिन्यांत अंगाचं सूत मऊ होत गेलं, त्यावर गोळे आले नाहीत. लाल मात्र पहिल्या दोन धुण्यांत सुटतो, ह्यांची दोन बनियनं गुलाबी झाली. वेगळं भिजवा.

मामांनी जोडामागं सुती पट्टी लावली, अर्धं अस्तर घातलं, खिसा खोल केला आणि ती कॉलर काढून साधी बसवली. सगळे मिळून ३५० घेतले. त्यानंतर तीनदा घातलंय, स्कूटीवरनंसुद्धा. दुकानदाराला एम्ब्रॉयडरीच्या उलट्या बाजूचा आणि जळक्या धाग्याचा फोटो पाठवला. पैसे परत नाहीत, दहा टक्क्यांचं कूपन दिलं. ते पाच हजारांच्या वरच्या खरेदीलाच चालतं.

तारे: कापडाला साडेचार, शिलाईला एक, कसुतीला शून्य, उत्तराला त्याहून खाली. पुढच्या वेळी साडीच घेऊन मामांकडे टाकणार.

खरं तर साडी घरात होती. सासूबाईंची एक जुनी इरकल आहे, अंग विरलेलं पण पदर कोरा. मी नुसतं विचारलं होतं, ह्याचं काही शिवू का म्हणून. काल कपाट उघडलं तर ती जागेवर नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या उशीखाली आहे. आणि तिथंच राहू दे."