लहान मुलांच्या दवाखान्यात एकतिसाव्या वर्षी लस

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते खाली येतंच.

धाकट्या भावानं रक्तदान केलं तेव्हा कळलं, त्याला हिपॅटायटिस बी आहे. लिव्हरच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला त्यावर आता हिपॅटायटिस एची कावीळ झाली तर जड जाईल, तिची लस घ्या. मोठ्या माणसाला ही लस कुठे मिळते? तीन मेडिकलवाल्यांनी माना हलवल्या. शेवटी कोथरूडमधलं हे लहान मुलांचं लसीकरण क्लिनिक सापडलं. भिंतीवर हत्ती, बाकावर रडणारी पोरं आणि मधे मिशीवाला आमचा बाळ.

डॉक्टरबाईंनी सुई उचलण्याआधी दोघांनाही हिपॅटायटिस एची आयजीजी, म्हणजे अंगात आधीच प्रतिकारशक्ती आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करायला लावली. मी कुरकुरलो, मला कशाला? पण रिपोर्ट आला तेव्हा हसू आलं. माझी पॉझिटिव्ह. गावी विहिरीचं पाणी पीत वाढलो, चौथीत कावीळ झाली होती, आजीनं कसलासा पाला वाटून पाजला होता. एची कावीळ एकदा झाली की पुन्हा होत नाही, म्हणजे माझे लसीचे पैसे वाचले. भाऊ पुण्यात जन्मलेला, आईनं पाणी उकळून उकळून वाढवलेला. त्याची साफ निगेटिव्ह. आई दिवसभर गप्प होती.

एका डोसात भागणारी जिवंत विषाणूची लसही मिळते, पण लिव्हरच्या पेशंटला मी ती देत नाही, असं बाई म्हणाल्या. त्याला निष्क्रिय विषाणूची दिली, सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. सिस्टरनं फ्रिजचं दार उघडून आतला थर्मामीटर दाखवला, पाच अंश. मी विचारलंही नव्हतं. वर भावाला दम दिला, "सॅनिटायझरवर विसंबू नका, जेवायच्या आधी साबणानं हात. आणि पाणीपुरी बंद." त्याचा चेहरा इंजेक्शनपेक्षा या वाक्यानं जास्त उतरला.

आता तारा. दुसऱ्या डोसची आठवण करू म्हणाले होते, ना फोन ना मेसेज. कार्ड फ्रिजवर चिकटवलं होतं म्हणून मलाच आठवलं. गेलो तर लस संपलेली. "परवा या." परवा गेलो, गाडी आलेली नाही. तिसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्या डोसानंतर मधे सहा महिने असतात, तेवढ्यात एक बाटली मागवून ठेवता येत नाही का हो?

जाताना फोन करूनच जा. क्यूआर कोड आहे, पण त्या गल्लीत रेंज नाही, रोख ठेवा.