सारायेवोची वेढ्याची टूर: एक बोगदा, एक डबा आणि व्हॅनमधला वाद

बॉस्नियाची राजधानी सारायेवोला जाणार असाल तर १९९० च्या दशकातल्या युद्धात ह्या शहराला पडलेल्या वेढ्याच्या इतिहासाची गाईडेड टूर घ्याच, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तक्रारी पण आहेत. साधारण पाच तासांची टूर, छोटी व्हॅन, आम्ही सात जण, आणि गाईड बाई चाळिशीच्या, वेढा पडला तेव्हा शाळेत होत्या. पुस्तकातून पाठ केलेली माणसं वेगळी आणि ही वेगळी.

माझं मत आधी सांगतो म्हणजे रिव्ह्यू कोणत्या माणसाने लिहिलाय ते कळेल. पाश्चात्त्य देशांनी दुसऱ्याच्या युद्धात सैन्य घुसवू नये, ह्या मताचा मी पक्का. २००३ ला इराकमध्ये ज्या शस्त्रसाठ्यांच्या नावाने घुसले ते साठे सापडलेच नाहीत, २०११ ला लिबियात नागरिकांना वाचवायचा ठराव घेऊन गेले आणि शेवट गद्दाफीची राजवट उलथण्यात झाला, पुढे देशाचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे व्हॅनमध्ये बसलो तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

पहिला थांबा ट्रेबेविच डोंगर. १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकचा बॉबस्लेचा ट्रॅक आहे तिथे, सिमेंटचा, आता सगळा रंगवून टाकलेला. खाली बघितलं की शहर ताटात वाढून ठेवल्यासारखं दिसतं, एकेक खिडकी मोजता येईल असं. आणि ह्याच डोंगरांवरून बॉस्नियन सर्ब सैन्याच्या (म्हणजे युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या बॉस्नियाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या, तिथल्याच सर्बांच्या) तोफा १४२५ दिवस त्या खिडक्यांवर चालल्या, एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६. गाईड बाईंनी बोट दाखवून आपली बिल्डिंग दाखवली, मग थोडा वेळ कोणी काही बोललंच नाही.

मग बोगदा. टूरचा खरा जीव इथे आहे. विमानतळ युनोच्या ताब्यात होता, मदतीची विमानं उतरायची, पण शहरातल्या माणसाला तिथून बाहेर पडायला बंदी, रात्री धावपट्टी ओलांडून पळणाऱ्यांवर गोळ्या सुटायच्या आणि युनोचे सैनिक पकडून परत पाठवायचे. म्हणून लोकांनी धावपट्टीच्या खालूनच खणलं, वेढ्यातल्या दोब्रिन्या भागापासून धावपट्टीपलीकडच्या, वेढ्याबाहेरच्या बुत्मिरपर्यंत जवळजवळ ८०० मीटर, १९९३ च्या जुलैअखेरीस पुरा झाला. ज्या घरातून तो निघायचा ते कोलार कुटुंबाचं घर आता म्युझियम आहे, बोगद्याचे थोडेच मीटर उघडे ठेवलेत. उंची दीड मीटरच्या जरा वर. मी वाकूनच चाललो तरी पाठीवरची बॅग वरच्या लाकडाला घासत होती, खाली छोट्या ढकलगाड्यांचे रूळ, ओलसर वास, आणि त्या काळी ह्यातून लोक पीठ, डिझेल, जखमी माणसं सगळं नेत होते. मागून दुसरा ग्रुप आला म्हणून आम्हाला घाई करून बाहेर काढलं, हे अजिबात आवडलं नाही. प्रवासात एवढा वेळ जातो, इथे अजून वीस मिनिटं द्यायला काय हरकत होती.

परतीच्या वाटेवर वाद पेटला. कॅनडाच्या एका पोराने लिबियाचा विषय काढला, मी मान डोलावली. एक जर्मन निवृत्त शिक्षक म्हणाले की १९९९ मध्ये कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांसाठी नाटोने सर्बियावर बॉम्बफेक केली तेव्हा सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, तरी मी बाजूने होतो, सारायेवो टीव्हीवर रोज बघितलं होतं म्हणून. त्यावर पोरगा म्हणाला ७८ दिवस बॉम्ब टाकले, सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडच्या टीव्ही केंद्रात काम करणारी १६ माणसं मेली, त्यांना कोणी टीव्हीवर बघितलं? शिक्षक गप्प झाले. मला वाटलं, बरोबर आहे पोराचं.

तेव्हा गाईड बाई बोलल्या. आवाज न चढवता. म्हणाल्या, "नाटोची विमानं आम्हाला १९९३ पासून आकाशात ऐकू यायची, आम्ही पोरं मोजायचो. वरून विमान जायचं आणि खाली गोळा पडायचा. तुम्ही येणार नाही असं सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी वेगळा विचार केला असता."

हे मला आतपर्यंत लागलं. कारण आपण वाद घालतो तो यावं की येऊ नये असा, आणि इथे ते आलेही होते आणि नव्हतेही. १९९१ मध्ये युनोने सगळ्या युगोस्लाव्हियावर घातलेल्या शस्त्रबंदीने सगळ्यांचे हात बांधले, पण ज्यांच्याकडे जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा होत्या त्या बॉस्नियन सर्बांचं काय बिघडलं. पूर्व बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावाला तर युनोने १९९३ मध्ये "सुरक्षित क्षेत्र" असं नाव दिलं, लोक त्या नावावर विश्वास ठेवून थांबले, आणि जुलै १९९५ मध्ये तिथली युनोची मोजकी डच तुकडी बघत राहिली, बॉस्नियन सर्ब सैन्याकडून आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली गेली. मग ऑगस्टच्या २८ तारखेला सारायेवोच्या मार्काले बाजारात गोळा पडून ४३ माणसं गेली आणि दोनच दिवसांत बॉस्नियन सर्ब सैन्यावर नाटोचे खरे हल्ले सुरू झाले, तीन आठवडे चालले, नोव्हेंबरात अमेरिकेत डेटनला शांतता करार ठरला. जमिनीवर क्रोएशिया आणि बॉस्नियाच्या सैन्याची चढाई पण चालू होती, एकट्या विमानांनी झालं असं नाही. तरी साडेतीन वर्षं जे "अशक्य" होतं ते इतक्या लवकर झालं, हे आकडे समोर ठेवल्यावर माझं तयार उत्तर माझ्याच तोंडून निघेना. इराकबद्दलचं मत तसंच आहे. पण रक्षण करतो असं सांगून लोकांना एका जागी थांबवायचं आणि मग वाचवायचं नाही, हे मला आता घुसखोरीइतकंच वाईट वाटतं, कदाचित जास्त.

(एक गोष्ट टूरमध्ये येत नाही, आपल्या लोकांनी माहीत करून जावी: इथल्या युनो सैन्याचे पहिले सेनापती भारतीय होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार, मार्च १९९२ पासून वर्षभर.)

आता मोठी तक्रार. टूर एकाच बाजूने बोलते. शहरात राहिलेल्या सर्ब लोकांनी पण तोच वेढा, तीच उपासमार भोगली, आणि काझानी इथे शहराच्याच बचाव दलातल्या एका तुकडीने सर्ब नागरिकांना मारून दरीत टाकलं, त्याचा उल्लेख नाही. आम्ही ट्रेबेविचवरच होतो, तिथून काझानी लांब नाही. मी विचारल्यावर बाईंनी सरळ आणि प्रामाणिकपणे सांगितलं, टाळाटाळ केली नाही, पण विचारावं लागू नये. ज्या टूरमध्ये न्याय-अन्यायाचा एवढा प्रश्न निघतो तिथे हे हवंच, म्हणून एक स्टार कापतोय.

शेवटचा थांबा डब्याचं स्मारक. मदतीत यायचा तसा बीफचा भलामोठा डबा, पिवळ्या-निळ्या रंगाचा, इकार असं त्या ब्रँडचं नाव लिहिलेला, आणि खाली "आंतरराष्ट्रीय समुदायाला, सारायेवोच्या कृतज्ञ नागरिकांकडून". फोटो काढताना कोणीतरी हसलं. बाई म्हणाल्या हसा, त्यासाठीच आहे, पण आम्ही तो खाल्ला पण आहे.

पाचपैकी चार. सकाळची बॅच घ्या, दुपारी बोगद्यात गर्दी होते. उंच असाल तर बॅग व्हॅनमध्येच ठेवा. बरोबर लहान मुलं असतील तर आधी गाईडशी बोलून घ्या. स्रेब्रेनित्साची वेगळी दिवसभराची टूर असते, मी ह्या वेळी ती घेतली नाही, पुढच्या खेपेला फक्त तेवढ्यासाठी दोन दिवस ठेवणार आहे.